तपासायची ती खोली

पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडे घेऊन, जागा देणाऱ्या घरमालकांना महापालिकेचा परवाना सक्तीचा करावा, असे म्हटले की समोरून उत्तर तयार असते. घर आमचे, खाटा आमच्या, मुले आपल्या पायांनी येतात आणि नाही पटले तर आपल्या पायांनी जातात. यात महापालिकेचा संबंध काय? असे विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांतल्या कित्येकांनी तापाने फणफणलेल्या पोराला मऊ भात करून घातला आहे, घरून मनिऑर्डर यायची त्या काळी आणि आता फोनवर पैसे येतात तेव्हाही भाड्यासाठी दोन-दोन महिने कळ काढली आहे. तरीही त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. दहा-बारा अनोळखी मुलांना एका सदनिकेत पैसे घेऊन ठेवणे हा धंदा आहे, आणि ज्या धंद्यात दुसऱ्याचा जीव आपल्या छपराखाली झोपतो, त्या धंद्याची जागा कोणीतरी तिऱ्हाइताने पाहिलीच पाहिजे.

नारायण पेठेतली मी पाहिलेली एक खोली सांगतो. तिसरा मजला, दहा बाय बारा. पाच लोखंडी खाटा, आणि दोन खाटांमध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. भिंतीत प्लगची एकच जागा. तिच्यातून एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डातून दुसरा, आणि त्या दुसऱ्यावर पाच मोबाइल, एक टेबलफॅन आणि हिवाळ्यात बादलीत सोडायचा हीटरचा रॉड. खाटांखाली पत्र्याच्या पेट्या आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, वर दोरी, दोरीवर ओले टॉवेल. बाल्कनी प्लायवूड लावून बंद केलेली, तिच्यात सहावी खाट. बाहेरून गजांची जाळी, आणि त्या जाळीला उघडणारी झडप नाही. खोलीला दार एकच, ते मधल्या खोलीत उघडते, आणि मधल्या खोलीत आणखी चार जण. खाली जिन्याच्या तोंडाशी सगळ्या मजल्यांचे विजेचे मीटर, आणि मीटरना खेटून लावलेल्या दुचाकी. दाराच्या मागे मालकांची नियमावली चिकटवलेली होती: रात्री साडेदहाला गेट बंद, पाहुणा आणायचा नाही, अंडी आणायची नाहीत, सहा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही. नियम सगळे राहणाऱ्यासाठी. आग लागली तर कुठून बाहेर पडायचे, हे त्या कागदावर नव्हते आणि सांगण्यासारखी वाटही नव्हती.

बाल्कनी सोडली तर एकशे वीस चौरस फुटांत पाच जण, म्हणजे माणशी चोवीस. बेंगळुरूच्या महापालिकेने २०२४ साली पीजी (पेइंग गेस्ट) चालकांसाठी जे नियम काढले त्यांत माणशी किमान सत्तर चौरस फूट जागा आणि रोज १३५ लिटर पाणी सांगितले आहे. इंग्लंडमध्ये अनेकांनी मिळून राहायच्या परवानापात्र घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर लागतात. हिशेब केला तर तेही सत्तर चौरस फूटच भरतात. नारायण पेठेत आपण त्याच्या एक-तृतीयांशावर भागवतो, आणि भागवतो म्हणजे त्याकडे कोणी पाहतच नाही.

इथे पूर्वपक्षाचा पहिला युक्तिवाद येतो: कायदे कमी आहेत का? भाडेकरार नोंदवावा लागतो, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, आणखी किती कागद हवेत?

कागद आहेत, हे खरे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात असेही आहे की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरावे, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कायदा इतका भाडेकरूच्या बाजूने उभा आहे. पण स्पर्धा परीक्षेसाठी परभणीहून आलेला, सहा महिन्यांनी पूर्वपरीक्षा असलेला मुलगा दहा हजारांच्या डिपॉझिटसाठी न्यायालयाची पायरी चढेल का? तो दुसरी खाट शोधतो. कॉट बेसिसवर नोंदणीकृत करार सहसा होतच नाही; वहीत नाव आणि मोबाइल नंबर लिहिला की व्यवहार संपतो.

पोलिसांकडे द्यायची माहिती ही वेगळी गोष्ट. तिच्यात मुलाचा फोटो, आधार आणि गावचा पत्ता जातो. मुलगा कोण, हे सरकारला कळते. तो कुठल्या खोलीत, कितव्या खाटेवर, किती जुन्या वायरिंगखाली झोपतो, हे विचारणारा रकाना त्या फॉर्मवर नाही. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली मोठ्या इमारतींनी दर जानेवारी आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला द्यायचा असतो. पेठेतल्या तीन मजली घराच्या आतल्या पार्टिशनपर्यंत तो हात प्रत्यक्षात पोचत नाही. म्हणजे राहणाऱ्याची तपासणी आहे, कराराची आहे, उंच इमारतीची आहे. ज्या खोलीत माणूस गुदमरू शकतो तिची नाही. मी मागतो आहे तो परवाना या एकाच रिकाम्या जागेसाठी.

दुसरा युक्तिवाद भावनेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. नवरा गेलेली, पेन्शन नसलेली बाई मागची खोली दोन मुलींना देते. तिच्यामागे इन्स्पेक्टर लावणार का? नाही लावायचा. इंग्लंडमध्ये सरसकट सक्तीचा परवाना लागतो तो पाच किंवा अधिक माणसे, एकाहून जास्त कुटुंबांतली, स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून एकत्र राहत असतील तेव्हा. आपणही तोच उंबरठा ठेवावा: एका छपराखाली नात्यात नसलेले पाच जण पैसे देऊन राहत असतील तरच परवाना. त्या बाईची खोली त्यात येत नाही. येतो तो कोथरूडला राहून सदाशिव पेठेतल्या तीन फ्लॅटमध्ये चाळीस खाटा चालवणारा, आणि खाटा मोजायला महिन्यातून एकदा माणूस पाठवणारा. त्या बाईला पुढे करून हा मागे उभा राहतो, हे आता ओळखले पाहिजे.

त्याच्या विरोधामागे आणखी एक कारण असते, जे सभेत बोलले जात नाही. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मालमत्ताकरात चाळीस टक्के सवलत देते. ती मध्यंतरी काढली गेली, २०२३ मध्ये परत आली, आणि तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घर आपल्याच वापरात असल्याचे दाखवावे लागते. घर भाड्याने दिले की सवलत गेली. खाटांची अधिकृत नोंद झाली तर किती ‘राहती घरे’ प्रत्यक्षात वसतिगृहे आहेत, ते उघडे पडेल. परवान्याला विरोध करण्याचे हे कारण असेल तर तो परवान्याच्या बाजूचाच मुद्दा झाला.

आता सगळ्यांत जोरकस आक्षेप. परवाना म्हणजे चिरीमिरी. इन्स्पेक्टर येईल, पाकीट घेईल, शिक्का मारेल. खोली होती तशी राहील आणि पाकिटाचा भार मुलांच्या भाड्यावर पडेल. हा आक्षेप घेणाऱ्याला मी खोटे ठरवणार नाही. बांधकामाचा परवाना, हॉटेलचा परवाना, फटाक्याच्या स्टॉलचा परवाना यांचा अनुभव घेतलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे? आणि दाखले त्याच्याही बाजूने आहेत. चंदीगडमध्ये पीजींच्या नोंदणीचे धोरण २००६ पासून आहे. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर ३२ मधल्या एका घराला आग लागून तीन तरुणी गेल्या, आणि ते घर नोंदलेलेच नव्हते. लंडनच्या शॅडवेल भागात मार्च २०२३ मध्ये दोन बेडरूमच्या एका फ्लॅटला आग लागली. फ्लॅटचा परवाना तिघांसाठी होता. आत किमान अठरा माणसे राहत होती, त्यांतला एक बांगलादेशी माणूस मेला. परवाना होता, दारात जाऊन मोजणारे कोणी नव्हते.

पण या दाखल्यांवरून परवानाच नको असा निष्कर्ष निघत नाही. चंदीगडच्या घराला नोंदणी नव्हती म्हणून ते बेकायदा ठरले आणि मालकावर गुन्हा उभा राहू शकला. पुण्यात तसेच घर आज नुसते ‘घर’ आहे. परवान्याचा नियमच नाही तिथे नियमभंग कसला सिद्ध करणार? २०२४ मध्ये शनिवार पेठेत मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीला रात्री आग लागली, अग्निशमन दलाच्या जवानांनी चाळीसहून अधिक मुली सुखरूप बाहेर काढल्या आणि एका माणसाचा जीव गेला. जवान वेळेवर पोचले हे पुण्याचे भाग्य. ज्या शहरात जवानांच्या चपळाईवर इतके अवलंबून राहावे लागते, त्या शहराने आधीच्या पायरीवर काही केलेले नाही असाच त्याचा अर्थ होतो.

पाकिटाचा बंदोबस्त करायचा तर तपासणीची किल्ली एकट्या इन्स्पेक्टरच्या हातात ठेवता कामा नये. इंग्लंडच्या २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातली एक तरतूद मला यासाठी फार मोलाची वाटते. परवाना आवश्यक असताना तो न काढता घर भाड्याने दिले, तर राहणाऱ्याला बारा महिन्यांपर्यंतचे भाडे परत मागता येईल, अशी सोय त्या कायद्याने केली. अधिकाऱ्याला गप्प करता येते. दहा खाटांवरच्या दहा जणांना वर्षभराचे भाडे परत मिळू शकते हे माहीत असताना गप्प बसवणे अवघड. लंडनच्या न्यूहॅम भागाने जानेवारी २०१३ पासून जवळजवळ सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना परवाना लावला, इतक्या व्यापक प्रमाणावर असे करणारा तो इंग्लंडमधला पहिला भाग. पहिल्या पाच वर्षांत तिथे हजाराहून जास्त खटले भरले गेले. परवान्याची फी खटले चालवणाऱ्या आणि दारोदार जाणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च होते, म्हणून ते जमले. आपल्याकडे फी वसूल होऊन सर्वसाधारण निधीत बुडाली तर शॅडवेल होईल, यात मला शंका नाही.

भाडे वाढेल, हा आक्षेप तुलनेने किरकोळ आहे. समजा दहा खाटांच्या जागेला वर्षाला पाच हजार रुपये फी लावली. खाटेमागे वर्षाला पाचशे, महिन्याला बेचाळीस रुपये झाले. पेठेत भाडे ठरते ते अलका टॉकीज चौकातून अभ्यासिकेपर्यंत चालायला किती मिनिटे लागतात आणि परीक्षेची जाहिरात निघाल्यावर किती पोरे एकदम येतात यावर. ज्या वर्षी गर्दी होते त्या वर्षी कुठलीही फी नसताना खाटेचे भाडे चढते, आणि तेव्हा एकही मालक कारण देत बसत नाही.

खरा अवघड प्रश्न पुढे आहे. नियम लावले तर काही खोल्या बंद होतील. पाच खाटांच्या त्या खोलीत एकच बसेल. मग उरलेले चौघे कुठे जातील? बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला चोवीस चौरस फूट परवडतात म्हणून तो पुण्यात टिकला. सत्तर चौरस फुटांच्या नियमाने तुम्ही त्याला परत पाठवणार का? मला हा प्रश्न टाळायचा नाही, कारण सुधारणेच्या नावाखाली गरिबांना शहराबाहेर काढल्याचे प्रकार आपण झोपडपट्ट्यांच्या बाबतीत पुरेसे पाहिले आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की जागेचा नियम आणि जिवाचा नियम वेगळे ठेवावेत. माणशी चौरस फुटांची अट चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने आणावी, आणि तोवर सरकारी वसतिगृहांच्या जागा वाढवाव्यात. पण बाहेर पडायची वाट, वायरिंग आणि गजांची जाळी यांना एक दिवसाचीही सवलत नको. १९९९ मध्ये ग्लासगोत तळघरातल्या फ्लॅटला आग लागून दोन विद्यार्थी गेले. खिडक्यांना गज होते, धुराचा इशारा देणारी चालू घंटा नव्हती. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये अशा घरांना परवाना सक्तीचा झाला. स्वस्त खोली हवी म्हणून गज तसेच राहू द्या, असे त्या दोन मुलांच्या आईबापांना सांगता आले असते का? बीडच्या मुलालाही तेवढाच हक्क आहे. तो गरीब आहे म्हणून त्याच्या खिडकीचे गज कमी धोक्याचे ठरत नाहीत.

शिवाय त्याच्या खोलीचे भाडे अनेकदा सरकारच भरते. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला साठ हजार ठरली, त्यात वीस हजार निवासासाठी. म्हणजे समाजकल्याण खात्याचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यातून घरमालकाच्या खिशात जातो. शाळेला अनुदान दिले की सरकार छप्पर पाहते, अंगणवाडीला धान्य दिले की गोदाम पाहते. इथे पैसे देऊन ते खोली पाहत नाही. वस्तू आणि सेवा कर परिषदेनेही जून २०२४ मध्ये अशा निवासाची दखल घेतली: महिना वीस हजारांपर्यंत भाडे आणि सलग नव्वद दिवसांचा मुक्काम असेल तर कर माफ. करासाठी जी जागा सरकारला ओळखता येते, ती सुरक्षेसाठीही ओळखता यायला हवी.

परवान्याच्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे, कारण ती इथेच बिघडू शकते. परवाना खोलीचा असावा, मुलांवर नजर ठेवण्याचा नव्हे. पेठेत आजही खोली विचारायला गेले की भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकून ‘आत्ताच दिली हो’ असे सांगितले जाते, आणि ‘जागा भाड्याने देणे आहे’ ही पाटी दारावर तशीच लटकत राहते. मुसलमान मुलाला पाटी वाचायचीही गरज उरत नाही. मुलींच्या खोल्यांत मालकीण कपाट उघडून पाहते. उद्या परवान्याच्या नावाखाली ‘चारित्र्य’, ‘पाहुणे’, ‘खाणे’ यांचे रकाने आले, तर हा परवाना मीच फाडायला सांगेन. त्यात उलट अट हवी: परवानाधारकाने जात किंवा धर्म पाहून खाट नाकारली असे सिद्ध झाले, तर परवाना रद्द. जो माणूस सार्वजनिक परवान्यावर धंदा करतो त्याला दार निवडून उघडता येऊ नये. हॉटेलवाल्याला आपण हे कधीच मान्य करायला लावले आहे.

हे सारे करणार कोण, तर पुणे महापालिका, आणि तिला सुरुवातीला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ नुसार जीविताला किंवा आरोग्याला धोका पोचवू शकणारे धंदे परवान्याशिवाय करता येत नाहीत. भाडे परत मिळण्याची तरतूद मात्र विधिमंडळालाच करावी लागेल, आणि तिच्यासाठी थांबून राहू नये. अडचण अधिकारांची नाही, मतांची आहे. खाटेवर झोपणाऱ्या मुलाचे नाव मतदार यादीत गावाकडे असते. प्रभागात तो चार-पाच वर्षे राहतो, मेसवाल्याला, अभ्यासिकेला, झेरॉक्सवाल्याला आणि घरमालकाला जगवतो, पण नगरसेवकाच्या हिशेबात तो नसतो. घरमालक असतो. म्हणून ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या वेळापत्रकाइतक्याच जोराने लावून धरली पाहिजे. परीक्षा पुढे ढकलली की रस्त्यावर उतरणारी हजारो मुले आपण अलका चौकात पाहिली आहेत. खोलीसाठी ती अजून उतरलेली नाहीत.

सुरुवात एका क्षेत्रीय कार्यालयापासून करावी, कसबा-विश्रामबागवाडा. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या पाच किंवा अधिक खाटांच्या जागांनी सहा महिन्यांत नोंद करायची. मुदतीत नोंदवणाऱ्याला मागच्या मालमत्ताकराच्या सवलतीचा दंड माफ, नंतर सापडणाऱ्याला नाही. दारावर पाटी: परवाना क्रमांक आणि मंजूर खाटा. पाटीवर दहा आणि आत चौदा, हे मोजायला मग दूधवालाही पुरेल. पहिल्या वर्षी चारच गोष्टी पाहाव्यात. खोलीतून दुसऱ्या कोणाच्या खोलीत न जाता बाहेर पडता येते का. जाळीला आतून उघडणारी झडप आहे का. मीटरपासून खाटेपर्यंतची वायर बदललेली आहे आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवलेला आहे का. जिन्याच्या तोंडाशी गाड्या आणि सामान नाही ना. यांतली वाट मोकळी करायला काही घरांत भिंत फोडावी लागेल आणि तो खर्च मोठा आहे, त्याला वर्षभर मुदत द्यावी आणि तोवर आतल्या खोलीत कोणाला झोपवू नये. बाकी तीन कामे पेठेतला कुठलाही वायरमन आणि फॅब्रिकेटर आठवडाभरात करून देतो, आणि ती झाली की नाही हे पाहायला कनिष्ठ अभियंत्याला अर्धा तास पुरतो.